प्रवेश मिळाला, हजेरीचे काय?

बारावीचा निकाल लागला की राज्यातील सुशिक्षित घरांत महाविद्यालयांच्या नावांची चर्चा सुरू होते. कोणत्या महाविद्यालयाची पहिली यादी किती टक्क्यांवर बंद झाली, कोणत्या शाखेला पुढे मागणी राहील, याचा खल वृत्तपत्रांच्या स्तंभांतूनही काही दिवस चालतो. नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावात त्याच दिवसांत निराळी चर्चा चालू असते. नाव कोठेतरी घालता येईल, याविषयी तेथे फारशी शंका नसते. प्रश्न असतो तो पुढचा. सकाळची एसटी आली नाही तर काय करायचे, संध्याकाळची चुकली तर मुलीने कोठे थांबायचे, वसतिगृहात नंबर लागला नाही तर खोलीचे भाडे कोणी भरायचे, आणि ऊसतोडीच्या हंगामात मोठी माणसे गुजरातेत गेल्यावर घर कोणी राखायचे? उच्च शिक्षणाच्या प्रसाराची जी आकडेवारी शासन आणि विद्यापीठे प्रसिद्ध करतात, तिच्यात या प्रश्नांसाठी रकाना नाही.

महाविद्यालयाच्या पटावर नाव लागणे आणि वर्गात बसून शिक्षण घेता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गेल्या काही दशकांत शासनाने पहिली गोष्ट बऱ्याच अंशी सुलभ केली. महाविद्यालयांना परवानग्या दिल्या, राखीव जागा ठेवल्या, शुल्क माफ केले. २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्कही माफ झाले. हे निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु शुल्क हा ग्रामीण विद्यार्थ्याच्या खर्चातील सर्वांत मोठा भाग कधीच नव्हता. मोठा खर्च आहे तो गाव सोडून शिक्षणाच्या ठिकाणी राहण्याचा, किंवा गावात राहून तेथे रोज जाण्यायेण्याचा. या खर्चाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आजवर स्पष्टपणे ठरलेलेच नाही.

विद्यापीठ जवळ आले, तरी

खानदेशच्या उच्च शिक्षणाचा इतिहास हा एका अर्थाने अंतर कमी होत गेल्याचा इतिहास आहे. १९४५ मध्ये अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी पदवी घेऊ इच्छिणाऱ्या खानदेशी तरुणाला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे चार दशके खानदेशातील महाविद्यालये त्या विद्यापीठाशी जोडलेली होती. एखादी गुणपत्रिका दुरुस्त करून घेण्यासाठीही पुण्याची खेप करावी लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्याआधी, १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला होता. तालुक्याच्या बहुतेक ठिकाणी आज पदवी महाविद्यालय आहे, आणि २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

तथापि अंतर संपले असे म्हणता येत नाही. नंदुरबारहून जळगाव ताप्तीकाठच्या लोहमार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर पडते, आणि पलीकडे सुरतही जवळपास तेवढेच दूर आहे. विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग, प्रयोगशाळा आणि मोठे ग्रंथालय जळगावजवळच्या परिसरात आहे. धानोऱ्याचा विद्यार्थी पदवीसाठी नंदुरबार गाठू शकेल, पण विद्यापीठ या शब्दाने जे सुचते, म्हणजे निरनिराळ्या विषयांचे अध्यापक, संशोधन करणारे विद्यार्थी, रात्री उघडे राहणारे वाचनालय, ते पाहावयाचे तर त्याला जिल्हा सोडावा लागतो. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक मुलांना तर पदवीच्या वर्गासाठीही गावापासून दूर यावे लागते.

ज्या जिल्ह्याचा हा प्रश्न आहे, त्याचे स्वरूपही लक्षात घेतले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होते. साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती, आणि दर सहा माणसांपैकी पाच खेड्यांत राहत होती. अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीच्या २०२१-२२ च्या अहवालात महाराष्ट्राचे उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण ३५.३ टक्के, देशाचे २८.४ टक्के, तर देशातील अनुसूचित जमातींचे २१.२ टक्के दाखविले आहे. राज्याची सरासरी देशाच्या पुढे आहे, याचे समाधान मानावयास हरकत नाही. मात्र सरासरीच्या आकड्यात पुणेही असते आणि धानोराही असते. आणि हे प्रमाण नोंदणीचे आहे, हजेरीचे नव्हे.

मजुरीचा हिशेब

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात संधित्यागाचा खर्च म्हणून एक प्रकरण असते. एखादी गोष्ट निवडली म्हणजे तिच्यासाठी दुसरी जी सोडावी लागते, तिची किंमत हाच निवडीचा खरा खर्च. शहरातील विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतो. धानोऱ्याचा विद्यार्थी ती रोज भरतो. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साठी राज्यात दिवसाला ३१२ रुपये दर ठरला होता. हे काम वर्षभर मिळत नाही. तरीही मजुरीचे एक माप म्हणून तो दर घेतला आणि वर्षातील अध्यापनाचे किमान १८० दिवस धरले, तर वर्गात बसलेल्या तरुणाने ५६,१६० रुपयांवर पाणी सोडलेले असते. भूमिहीन किंवा कोरडवाहू शेतीच्या कुटुंबात ही रक्कम घरखर्चाचा मोठा भाग असते. महाविद्यालयाचे शुल्क शून्यावर आणले तरी हा आकडा तसाच राहतो.

हंगामाची अडचण याच हिशेबात येते. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी गावांतून मजुरांच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जात आल्या आहेत. दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात ते उन्हाळा लागल्यावर परततात. महाविद्यालयाच्या सत्राचा ऐन अभ्यासाचा काळही तोच. घरात तरुण हात असेल तर तो मागे ठेवणे कुटुंबाला परवडत नाही, आणि ठेवलाच तर रिकाम्या घराची, गुराढोरांची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी त्याच्यावर पडते. विद्यापीठाचे नियम ७५ टक्के हजेरी मागतात. नियम चुकीचा नाही. वर्गाशिवाय शिक्षण होत नाही, या योग्य समजुतीवरच तो उभा आहे. परंतु विद्यार्थ्याची हजेरी मोजणारी यंत्रणा त्याला हजर राहता येईल अशी सोय झाली आहे की नाही, हे मात्र मोजत नाही.

या सोयीत पहिली येते एसटी. विद्यार्थ्यांना प्रवासभाड्यात दोन तृतीयांश सवलत आहे, ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, आणि मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. या सवलतींनी हजारो मुलींना घराबाहेर काढले, हे मान्य केले पाहिजे. पण सवलत भाड्यात आहे, फेरीत नाही. गाडीच आली नाही तर खिशातील पास कामाचा नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतील किती मुलांचे शिक्षण एका गाडीवर अवलंबून आहे, हे साऱ्या राज्याला कळले. मोफत पासाची सवलत बारावीला थांबते हेही विचार करण्याजोगे आहे. ज्या वयात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, नेमक्या त्याच वळणावर तिच्या प्रवासाचा खर्च घरावर येतो. संध्याकाळी परतीची खात्रीची गाडी असणे ही अशा घरात नुसती सोय नसते; मुलीला पुढे शिकू द्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या गाडीवरच ठरते.

पडद्यावरचा वर्ग

या सगळ्या अडचणींवर अलीकडे एक सोपे उत्तर सुचविले जाते. विद्यार्थी विद्यापीठापर्यंत पोहोचत नसेल तर विद्यापीठाने त्याच्या हातातील मोबाइलवर पोहोचावे. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे जाहीर केल्यापासून या मताला बळ आले आहे.

दूरस्थ शिक्षणाची उपेक्षा करणे अन्यायाचे होईल. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी करणारे, संसारात अडकलेल्या स्त्रिया, अर्धवट शिक्षण सुटलेले अशा असंख्यांना पदवीचा मार्ग खुला केला. ज्याला अन्य जबाबदाऱ्यांमुळे वर्गात येता येत नाही, त्याच्यासाठी ती मोठीच सोय आहे. परंतु अठरा वर्षांच्या मुलाला केवळ गाडी नाही आणि खाट नाही म्हणून मोबाइल देणे, आणि त्यालाच संधीची समानता म्हणणे, ही निराळी गोष्ट झाली. करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून दीड वर्षाहून अधिक काळ, महाविद्यालयांचे वर्ग बहुतांशी बंद राहिले. शहरातील मुलांनाही त्या काळात मन लावून शिकणे जमले नाही. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत तर आवाज पकडण्यासाठी टेकडीचा माथा गाठण्याची पाळी आली. पुढे मनोरे उभे राहतील, संपर्क सुधारेल. पण मुख्य प्रश्न संपर्काचा नाही.

ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, आईवडिलांपैकी कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही आणि घरची बोली भिली, मावची किंवा पावरी आहे, त्या घरातील मुलाला महाविद्यालय केवळ व्याख्याने देत नसते. तेथे प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत न बिचकता बोलण्याचा सराव होतो. स्पर्धा परीक्षेचा अर्ज कसा भरतात, बँकेत खाते कसे उघडतात, जात वैधता प्रमाणपत्रासाठी कोणते कागद लागतात, हे वरच्या वर्गातील मुलाकडून कळते. एखादे प्राध्यापक व्याख्यानानंतर थांबवून घेतात आणि पुढे एम. ए. कर म्हणून सांगतात. शहरी मध्यमवर्गीय मुलाला हे सारे घरात आणि शेजारात मिळते, म्हणून त्याचे पडद्यावरच्या शिक्षणाने कदाचित थोडे नुकसान होईल. ज्याला ते फक्त महाविद्यालयातच मिळू शकते, त्याचे जवळजवळ सर्वच नुकसान होईल. शहरांसाठी वर्ग आणि खेड्यांसाठी पडदा अशी वाटणी रूढ झाली, तर पदवीचे कागद समकक्ष राहतील, पदवीधर मात्र राहणार नाहीत.

वसतिगृहातून आलेले शिक्षण

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला नव्याने शोधावयाचे नाही. खेड्यातील बुद्धिमान मूल शहरातील शाळेपर्यंत पोहोचत नाही, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले आणि १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. श्रम करून शिकण्याची त्यांची पद्धत मजुरी सोडून शिकणाऱ्या मुलाच्या अडचणीलाच दिलेले उत्तर होते. या राज्यात बहुजन समाजाचे शिक्षण शाळेच्या इमारतीइतकेच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून वाढले आहे.

शासनालाही हे तत्त्व अमान्य नाही. आश्रमशाळांमध्ये आदिवासी मुलाला निवास आणि भोजन देऊनच शिकविले पाहिजे, हे त्याने स्वीकारले आहे. उच्च शिक्षणासाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, आणि ज्यांना तेथे जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. वसतिगृहे पुरत नाहीत, याची ती योजना म्हणजे एक प्रकारची कबुलीच होय. योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये आणि जिल्ह्याच्या इतर ठिकाणांसाठी ४३,००० रुपये असे दर होते. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले तर जिल्ह्याच्या गावी महिन्याला ४,३०० रुपये पडतात. त्यांत खोली, जेवण, पुस्तके आणि गावी जाण्यायेण्याचा खर्च बसवावयाचा. २०१८ मध्ये वसतिगृहांतील भोजनालयांऐवजी भोजनाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात भरण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. खात्यात येणारे पैसे नकोत, ताटात येणारे जेवण हवे, ही त्यांची मागणी अनेकांना चमत्कारिक वाटली. पैसे उशिरा आले तर मधल्या दिवसांत काय खायचे, हा अनुभव ज्याला आहे त्याला ती वाटणार नाही. उशिरा मिळणारी शिष्यवृत्ती म्हणजे गरीब विद्यार्थ्याने शासनाला दिलेले बिनव्याजी कर्ज असते.

रिकाम्या बाकाची किंमत

एवढा पैसा आणावयाचा कोठून, हा आक्षेप येणारच, आणि तो टाळता येणार नाही. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. महाविद्यालयाची इमारत, ग्रंथालय आणि कायम अध्यापकांचे वेतन यांवर खर्च होतोच, वर्गात साठ मुले बसोत की पंधरा. पटावर नाव असून बाक रिकामा राहतो तेव्हा त्या खर्चाचा एक भाग वाया जातो. वसतिगृहातील एक खाट आणि वेळेवर धावणारी एक फेरी हा वरकरणी नवा खर्च दिसतो. प्रत्यक्षात आधीच केलेला खर्च कारणी लावण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. धानोऱ्याला महाविद्यालय काढा, अशी मागणी म्हणूनच करता येणार नाही. दर दहा गावांमागे ग्रंथालय नसलेले, अध्यापक नसलेले महाविद्यालय उघडण्याने काय होते, हे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहे. धानोऱ्याच्या मुलाला चांगल्या महाविद्यालयात पोहोचता आणि राहता आले पाहिजे, एवढीच मागणी आहे.

त्यासाठी करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. एसटीच्या फेऱ्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी जुळविल्या जाव्यात आणि मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत चालावा. वसतिगृहांची क्षमता लोकसंख्येच्या नव्हे, तर जिल्ह्यातून बारावी उत्तीर्ण होणाऱ्यांच्या प्रमाणात ठरावी. निर्वाह रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला मिळावी आणि महागाईच्या निर्देशांकाबरोबर आपोआप वाढावी. कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याला जो न्याय लागतो तो विद्यार्थ्याच्या जेवणाला न लागण्याचे कारण नाही. विद्यापीठाने नंदुरबारला आदिवासी अकादमी काढली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. ते पुढे पडून तेथे पदव्युत्तर विभागांचा, निवासी सोयींसह पूर्ण परिसर व्हावा. मराठवाडा विद्यापीठाने धाराशिवला उपपरिसर उभारला, आणि गडचिरोलीला २०११ मध्ये स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठच मिळाले. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्याजवळ एक मोठी बहुविद्याशाखीय संस्था असावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ मध्ये ज्याचे नाव घातले गेले, त्या नंदुरबारपासून या उद्दिष्टाचा आरंभ व्हावा, यात विशेष मागितले असे काही नाही.

महाविद्यालयांकडेही बोट दाखविले पाहिजे. एसटीची वाट पाहून, उपाशीपोटी वर्गात आलेल्या मुलाला तासिका तत्त्वावरील अध्यापक दुसऱ्या महाविद्यालयात गेल्याचे कळणार असेल, तर त्याने उद्या का यावे? रिक्त जागा वर्षानुवर्षे भरावयाच्या नाहीत, हजेरीपट मात्र सत्राच्या अखेरीस एका बैठकीत भरावयाचे, ही रीत अनेक ठिकाणी आहे, हे शिक्षण क्षेत्रातील सर्वांना ठाऊक आहे. केवळ शिष्यवृत्तीपुरते नाव घालणारे विद्यार्थी आहेत, हेही खरे आहे. पण कागदावरच्या विद्यार्थ्यांना कागदावरच्या महाविद्यालयांनी दोष द्यावा, यात शोभा नाही. विद्यार्थ्याची हजेरी मागण्याचा अधिकार ज्या संस्थेला हवा, तिने आधी आपल्या अध्यापकांची हजेरी दाखवावी, आणि ज्या शासनाला तो हवा, त्याने आपल्या गाडीची आणि वसतिगृहाची.

धानोऱ्याच्या एखाद्या घरात येत्या जूनमध्येही बारावीची गुणपत्रिका येईल. घरातले तिच्याकडे कौतुकाने पाहतील आणि मग मुलीने पुढे शिकावे की नाही याचा विचार करतील. त्या विचारात तिच्या गुणांचा भाग थोडा असेल. संध्याकाळच्या गाडीचा, खाटेचा आणि महिन्याच्या खर्चाचा अधिक असेल. तिच्या बुद्धीचा निवाडा परीक्षा मंडळाने केलेला असतो. उरलेल्या तीन गोष्टी शासनाच्या हाती आहेत.